गिळलेल्या एररचं अजीर्ण

प्रश्न : ताई, माझी एक पायथन स्क्रिप्ट रोज रात्री आपोआप चालते. वेगवेगळ्या लोकांनी पाठवलेल्या सीएसव्ही फाइल एका फोल्डरमध्ये जमतात आणि ही स्क्रिप्ट त्यांतली एकेक ओळ वाचून डेटाबेसमध्ये भरते. एखादी ओळ बिघडलेली निघाली तर सगळं काम अडू नये म्हणून लूपच्या आत ट्राय-एक्सेप्ट (ट्रायमधल्या ओळी फुटल्या तर एक्सेप्टमधल्या चालतात) घातलंय आणि एक्सेप्टमध्ये एरर लॉगमध्ये लिहितेय. गेल्या आठवड्यापासून नोंदी कमी भरतायत. लॉग उघडला तर आत नुसतं — एरर: 'तारीख'. अशा चाळीस ओळी. तारखेचं काय झालं, हे मात्र कुठेच नाही!

उत्तर : त्या तारखेभोवतीची अवतरणचिन्हं तुम्ही घातलेली नाहीत ना? मग हा की-एरर आहे. बहुतेक एक्सेप्शन, म्हणजे पायथनने फेकलेल्या एरर, काहीतरी वाक्य बोलतात. की-एरर तेवढी तसदी घेत नाही. जी की, म्हणजे जे नाव (इथे कॉलमचं), डिक्शनरीत सापडली नाही, ती अवतरणात टाकतो आणि गप्प बसतो. तुम्ही 'एक्सेप्ट एक्सेप्शन ॲज ई' लिहून पुढे फक्त 'ई' छापलात. त्यात एररचा प्रकार गेला, कोडमधली जागा गेली, आणि हाती उरली नुसती तारीख.

लॉगर.एरर काढा, तिथे लॉगर.एक्सेप्शन लिहा. पातळी तीच, एररची, पण हा सोबत पूर्ण ट्रेसबॅक, म्हणजे एरर कोडच्या कुठल्या ओळींतून आली त्याचा माग, जोडतो. मात्र तो एक्सेप्टच्या आतच वापरायचा. संदेशात 'ओळ वाचता आली नाही' एवढंच न लिहिता फाइलचं नाव आणि सीएसव्ही रीडरचा लाइन-नम (चालू ओळीचा क्रमांक) हे दोन्ही घाला. ट्रेसबॅक सांगेल की कोडची कुठली ओळ फुटली. डेटाची कुठली ओळ फुटली हे त्याला ठाऊक नसतं, ते तुम्हालाच लिहावं लागतं. लांबलचक ट्रेसबॅक पाहून घाबरू नका, तो खालून वर वाचायचा असतो. शेवटच्या ओळीत काय झालं ते, तिच्या वर कुठे झालं ते. पायथन ३.११ पासून (२०२२) तर ओळीतला नेमका कोणता तुकडा फुटला, तेही खाली खुणा करून दाखवतात.

एवढं मी वाचक बाईंना कळवलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : "चाळीसही ओळी एकाच फाइलमधल्या निघाल्या. पण ताई, फाइल उघडून बघितली. तारीख हा कॉलम आहे की! पहिलाच आहे."

त्या 'पहिलाच'वर माझं बोट थांबलं. मी म्हटलं, कॉलमची नावं रेप्रमधून (न दिसणारे वर्णही उघडे करून दाखवणारं पायथनचं फंक्शन) छापून बघा. बघितली, आणि 'तारीख'च्या आधी चिकटलेलं बेणं सापडलं : उलटी तिरकी रेघ आणि तिच्यापुढे यू, एफ, ई, एफ, एफ. याला बॉम (बाइट ऑर्डर मार्क) म्हणतात. एक्सेलमधून 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणून फाइल सेव्ह केली की तिच्या अगदी सुरुवातीला हे तीन बाइट बसतात. स्क्रीनवर काही दिसत नाही, पण पायथनच्या लेखी तो तारखेच्या नावातलाच एक अक्षर-वर्ण होतो. तुमच्याकडच्या एका माणसाने आठवड्यापूर्वी एक्सेल वापरायला सुरुवात केली असणार, एवढंच. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' द्या. बॉम असला तर तो काढून टाकतं, नसला तरी काही बिघडत नाही.

आठवडाभर जे सापडलं नाही ते सापडायला दोन गोष्टी पुरल्या, फाइलचं नाव आणि रेप्र. एक सवय आणखी लावून घ्या. संशय असेल तेव्हा व्हेरिएबल नुसतं छापू नका, रेप्रमधूनच छापा. शेवटची मोकळी जागा, न दिसणारा वर्ण, आकडा की आकड्यासारखं दिसणारं टेक्स्ट, सगळं उघडं पडतं.

प्रश्न : आमचे वरिष्ठ म्हणतात, प्रोग्राम कधीच क्रॅश होता कामा नये, म्हणून प्रत्येक फंक्शन ट्राय-एक्सेप्टमध्ये गुंडाळायचं. हे बरोबर आहे का?

उत्तर : वरिष्ठांचा मान राखून सांगते, नाही.

मीही एकेकाळी याच मताची होते. एका फोल्डरमधल्या फाइल दुसरीकडे उतरवून ठेवणारी माझी स्क्रिप्ट होती. प्रत्येक फाइलसाठी ट्राय, आणि खाली 'एक्सेप्ट, कोलन, पास'. शेवटच्या ओळीत 'काम झालं' छापायचं. मूळ फोल्डर कुणीतरी दुसऱ्या डिस्कवर हलवला. पुढे अकरा रात्री माझ्या स्क्रिप्टने 'काम झालं' असं इमानेइतबारे लिहिलं आणि एकही फाइल उतरवली नाही. बाराव्या दिवशी कुणाला तरी जुनी फाइल हवी होती, म्हणून कळलं. ती स्क्रिप्ट पहिल्याच रात्री तोंडावर आपटली असती तर मी तिचे आभार मानले असते. क्रॅश झालेला प्रोग्राम निदान खोटं तरी बोलत नाही.

तेव्हा एक्सेप्ट लिहिण्याआधी स्वतःला विचारा : ही एरर आली तर मी काय करणार आहे? पुन्हा प्रयत्न करणार, ही नोंद वगळून पुढे जाणार, की वापरणाऱ्याला दुसरी फाइल मागणार? ठरलेलं उत्तर असेल तर तेवढीच एरर नावानिशी पकडा. फाइल नसण्याची शक्यता असेल तर फाइल-नॉट-फाउंड-एरर. उत्तर नसेल तर पकडू नका, वर जाऊ द्या. ट्रायच्या आतही दोन-तीनच ओळी ठेवा. चाळीस ओळी कोंबल्या की नेमकी कोण पडली ते तुम्हालाही सांगता येणार नाही. खालची एरर पकडून वर वेगळ्या नावाची फेकायची असेल तर 'रेझ … फ्रॉम ई' लिहा, म्हणजे मूळ कारणही ट्रेसबॅकमध्ये स्पष्ट राहतं.

आणि नुसतं 'एक्सेप्ट कोलन' तर कधीच लिहू नका. माझ्या एका अखंड चालणाऱ्या लूपमध्ये ते होतं. कंट्रोल-सी दाबून दाबून बोट दुखलं, स्क्रिप्ट थांबेना. कारण कंट्रोल-सी दाबल्यावर येतो तो कीबोर्ड-इंटरप्ट, आणि तोही एक एक्सेप्शनच. माझं एक्सेप्ट त्यालाही गिळून लूपची पुढची फेरी सुरू करत होतं. पायथनच्या २.५ आवृत्तीपासून (२००६) कीबोर्ड-इंटरप्ट आणि सिस्टिम-एक्झिट यांना मुद्दाम 'एक्सेप्शन'च्या वंशावळीबाहेर काढून थेट सगळ्यांच्या मूळपुरुषाखाली, बेस-एक्सेप्शनखाली, ठेवलंय. म्हणून 'एक्सेप्ट एक्सेप्शन' लिहिलं की ते सुटतात, नुसत्या एक्सेप्टमध्ये अडकतात.

सगळं पकडणारं एक एक्सेप्ट चालेल, पण ते अगदी वरच्या पायरीवर, मेन फंक्शनभोवती. तिथे लॉगर.एक्सेप्शन लिहायचं आणि लगेच खाली नुसतं 'रेझ'. ते 'रेझ' विसरलात तर स्क्रिप्ट ० कोड देऊन बाहेर पडते आणि वेळापत्रकाने तिला चालवणाऱ्या यंत्रणेला वाटतं, सगळं ठीक. न पकडलेली एरर १ देते. वरिष्ठांना हे ० आणि १ दाखवा. तत्त्वज्ञानापेक्षा लवकर पटतं.

प्रश्न : लॉगिंग.इन्फो लिहिलंय, पण काहीच उमटत नाही. मग बेसिक-कॉन्फिगमध्ये (लॉग कुठे आणि कसा लिहायचा ते ठरवणारं फंक्शन) फाइलचं नाव आणि इन्फो पातळी दिली, तरी फाइल तयारच होत नाही.

उत्तर : पहिलं सोपं आहे. डीबग १०, इन्फो २०, वॉर्निंग ३०, एरर ४०, क्रिटिकल ५० अशा पायऱ्या आहेत आणि काही सांगितलं नाही तर मुख्य लॉगर ३० वर उभा असतो. इन्फो त्याच्या खाली, म्हणून गायब.

दुसरं फसवं आहे. मुख्य लॉगरला आधीच एखादा हँडलर (लॉगच्या ओळी स्क्रीनवर किंवा फाइलमध्ये पोचवणारा) लागलेला असेल तर बेसिक-कॉन्फिग काहीही करत नाही, आणि तसं सांगतही नाही. हँडलर कुणी लावला? तुम्ही वर इम्पोर्ट केलेल्या एखाद्या मोड्यूलमध्ये कुणी सहज लॉगिंग.इन्फो लिहून ठेवलं असेल तर तेवढंही पुरतं. ती ओळ स्वतःच बेसिक-कॉन्फिग बोलावून मोकळी होते. पायथन ३.८ पासून बेसिक-कॉन्फिगमध्ये 'फोर्स' ट्रू देऊन जुने हँडलर काढता येतात. त्याच ओळीत एन्कोडिंग 'यूटीएफ-८' द्यायला विसरू नका (३.९ पासून देता येतं), नाहीतर विंडोजवर देवनागरी नावं लॉगमध्ये उतरताना नवीच एरर यायची.

आणि फाइल तयार होत नाही असं नसेलही, ती भलत्याच जागी होत असेल. हाताने चालवताना तुम्ही स्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये असता. क्रॉन (लिनक्सवर ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणारी यंत्रणा) चालवतं तेव्हा चालू फोल्डर सहसा तुमचा होम असतो. आधी तिथे शोधा, मग पूर्ण पाथ द्या.

प्रश्न : लॉगमध्ये प्रत्येक ओळ आधी एकदा, मग दोनदा, मग तीनदा येते. थोड्या वेळाने पानंच्या पानं तीच ओळ! स्क्रिप्ट एकदाच चालवलीय.

उत्तर : तुमचं ॲड-हँडलर एखाद्या फंक्शनमध्ये आहे आणि ते फंक्शन लूपमधून बोलावलं जातंय. गेट-लॉगर त्याच नावाला दर वेळी तोच लॉगर परत देतो, त्यामुळे जुने हँडलर जागेवरच राहतात आणि तुम्ही त्यांत एकेकाची भर घालत जाता. हँडलर सुरुवातीला एकदाच लावा, बाकीच्या फाइलमध्ये फक्त गेट-लॉगर ठेवा. तोवर एक सोय आहे : शेवटची ओळ किती वेळा आली ते मोजलंत, तर लूप किती वेळा फिरला ते आपोआप कळेल.