'इन' म्हणजे डाउनलोड का?

यवतमाळकडच्या एका भाऊंचा प्रश्न आहे. गावोगावच्या फायबर जोडण्यांवर नजर ठेवणाऱ्या डॅशबोर्डवर त्यांना मराठी नावं द्यायची आहेत. एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कमधल्या उपकरणांकडून आकडे मागवायच्या पद्धतीतल्या, 'इफ-इन-ऑक्टेट्स' आणि 'इफ-आउट-ऑक्टेट्स' (ऑक्टेट म्हणजे आठ बिट, एक बाइट) या चलांना डाउनलोड आणि अपलोड म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. व्हेरिएबलसाठी 'चल' हा शब्द शाळेच्या गणितातच रुळलाय, त्यात अडचण नाही. घोळ आहे तो 'इन'चा. एसएनएमपीत 'इन' म्हणजे त्या उपकरणाच्या त्या पोर्टात शिरलेला डेटा. मोबाइल घेऊन पारावर बसलेला माणूस त्या हिशोबात नसतोच. त्यानं पाहिलेला व्हिडिओ तालुक्याच्या स्विचच्या गावाकडच्या पोर्टावर 'आउट'मध्ये मोजला जातो, आणि गावातल्या राउटरच्या तालुक्याकडच्या पोर्टावर 'इन'मध्ये. सगळ्या 'इन'ना सरसकट डाउनलोड म्हटलं, की तालुक्याचा आलेख उलटा वाचला जाणार.

आपल्याकडे तयार जोडी आहे: आवक-जावक. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात आवक कोणाची, असं कोणी विचारत नाही. रजिस्टर ज्या कार्यालयाचं, आवक त्याची. पंचायत समितीत जे पत्र जावकला चढतं, तेच ग्रामपंचायतीत आवकला. 'इन-आउट'चा अर्थ नेमका हाच. तेव्हा 'पोर्ट ३ आवक' असं पोर्टाचं नाव लावून लिहा.

मात्र 'आवकदर' करू नका. मूळ चल म्हणजे वेग नव्हे, बाइटांची चढती बेरीज आहे. ती ३२ बिटांची, म्हणून ४२९४९६७२९५ नंतर पुन्हा शून्यापासून सुरू होते; १०० एमबीपीएसची जोडणी भरून वाहत असली तर पावणेसहा मिनिटांच्या आतच. (मोठ्या जोडण्यांना ६४ बिटांचा 'इफ-एचसी-इन-ऑक्टेट्स' घ्या.) वेग हवा तर दोन नोंदींतला फरक मधल्या सेकंदांनी भागायचा, आणि बिट हवे असतील तर आठनं गुणायचं. त्याला 'दर सेकंदाची आवक' म्हणा. 'आवकदर' वाचून वणीच्या बाजार समितीत वावरलेला माणूस 'कापूस काय भावानं गेला, बाप्पा?' असंच विचारेल.

'ऑक्टेट'साठी कोणी 'अष्टक' सुचवलं तर नम्रपणे नकार द्या, अष्टकं आरतीनंतर म्हणायची असतात. 'बाइट' पुरे.

ही सगळी नावं फक्त लेबलवर. एमआयबीतलं, म्हणजे या चलांच्या ठरीव यादीतलं, मूळ नाव प्रमाणकात ठरलेलं आहे, १९९१ च्या आरएफसी १२१३ या इंटरनेटच्या दस्तऐवजातही ते आहे. त्याला हात लावायचा नाही.

'सिस-लोकेशन'मध्ये, म्हणजे उपकरण कुठं बसवलंय ते लिहायच्या रकान्यात, मात्र मजकूर तुमचा. तो रकाना साध्या रोमन अक्षरांचा, देवनागरी तिथं टाकू नका. पण गावापुढचं बुद्रुक किंवा खुर्द आणि तालुका गाळू नका. नुसतं 'पिंपळगाव' लिहून ठेवलं तर फायबर जोडायला निघालेला माणूस गाडी घेऊन भलत्याच पिंपळगावात पोचतो.