साथ: रोगाची की सोबतीची?

प्रश्न असा आला आहे: ‘साथरोग’ जोडून लिहायचा की तोडून, आणि रोगाची साथ व सोबतीची साथ हे दोन वेगळे शब्द आहेत का?

आधी माझी तक्रार ऐका. २०२० पासून बातम्यांत ‘महामारी’ इतकी बोकाळली की आपल्याकडे ‘साथ’ नावाचा शब्द होता, हेच लोक विसरले. हिंदीवाल्यांना महामारी म्हणावंच लागतं, त्यांच्या ‘साथ’ला रोगाचा अर्थ नाही. आपल्या साथीला आहे. दुसरे ते, ‘लांब राहा, साथ आहे त्याला’ म्हणणारे. एकाकडून दुसऱ्याला होते ती लागण. साथ म्हणजे एकाच सुमाराला पुष्कळांनी आजारी पडणं. हिवतापाचीही साथ येते, तिथे कोण कोणाला शिवायला जातं?

बाकी शब्द एकच. संस्कृत ‘सार्थ’, प्राकृत ‘सत्थ’, मराठी ‘साथ’. सार्थ म्हणजे व्यापाऱ्यांचा तांडा: स-अर्थ, माल-पैसा बरोबर घेऊन निघालेला. त्याचा म्होरक्या तो सार्थवाह. मृच्छकटिक नाटकातला चारुदत्त त्यांच्यातलाच. आणि ‘सार्थ ज्ञानेश्वरी’तला सार्थ? तोही स-अर्थच, फक्त तिथला अर्थ पैशाचा नाही. म्हणजे देव्हाऱ्याशेजारची ज्ञानेश्वरी आणि पटकीची साथ नात्यातल्या निघाल्या!

आमचे एक व्याकरणपंडित स्नेही हे मानत नाहीत. प्राकृत ‘हत्थ’चा मराठीत ‘हात’ झाला, थ टिकला नाही, तेव्हा ‘साथ’ हिंदीतून उसनी, असं त्यांचं म्हणणं. अहो, मग माथा, पोथी, चौथा हेही उसनेच का? ‘हात’मध्ये आधीच एक ह बसलाय, म्हणून पुढच्या थचा जोर गेला. शिवाय शब्द उसना आणला म्हणता, तर रोगाचा अर्थ कोणाकडून आणला?

तांड्यावरून शब्द रोगावर कसा गेला, याचं माझं उत्तर महाभारतातल्या नलोपाख्यानात, म्हणजे नल-दमयंतीच्या गोष्टीत आहे. रानात एकटी पडलेली दमयंती एका सार्थाबरोबर चालू लागते. रात्री तळ्याकाठी मुक्काम पडतो आणि रानटी हत्ती येऊन झोपलेल्या माणसांना तुडवून जातात. बरोबर चालणाऱ्यांवर जे येतं ते असं सगळ्यांवर मिळून येतं, तीच साथ. वाचलेले म्हणतात, ती वेड्यासारखी दिसणारी बाई आली म्हणूनच हे झालं, दिसली तर दगडांनी मारू. करोनात मुंबईहून कोकणात आलेल्या चाकरमान्यांना शाळेच्या पडवीत चौदा दिवस बसवलेलं ज्यांनी पाहिलं, त्यांना यात नवल वाटणार नाही. पण दमयंती पुढे चेदींच्या नगरीपर्यंत पोचते ती त्याच तांड्यातल्या उरलेल्या ब्राह्मणांच्या सोबतीने. साथीत सापडली आणि साथीनेच तरली.

टाळेबंदीतली ८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याहून रुळांच्या कडेने गावाकडे निघालेले मजूर करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. मालगाडीखाली सोळा जण गेले. रुळांमध्ये त्यांच्या चपात्या विखुरल्या होत्या. सार्थ तोही, गाठीला अर्थ तेवढा नव्हता.

हां, ‘साथरोग’. जोडून.