डीकन्व्होल्यूशन: शेवटचे समीकरण टाकू नका

प्रश्न (कोथरूडहून एक विद्यार्थिनी): कन्व्होल्यूशनचा (दोन क्रमिकांचा, बहुपदींसारखा केलेला गुणाकार) निकाल आणि मूळ दोन क्रमिकांपैकी एक दिलेली आहे, दुसरी काढायची आहे, म्हणजे डीकन्व्होल्यूशन करायचे आहे. अज्ञात पदे तीन आणि समीकरणे मात्र चार होतात. चौथ्याचे काय करावे? शिवाय पायथनमध्ये केलेला माझा प्रोग्रॅम काहीही त्रुटी न दाखवता चुकीचे उत्तर देतो.

उत्तर: दोन पदांची क्रमिका आणि तीन पदांची क्रमिका यांच्या कन्व्होल्यूशनमध्ये २ + ३ − १, म्हणजे चार पदे येतात आणि प्रत्येक पदाचे एक समीकरण होते. दिलेली क्रमिका (१, २) आणि निकाल (३, ५, ०, ४) असेल, तर समीकरणे अशी: क्ष१ = ३; २क्ष१ + क्ष२ = ५; २क्ष२ + क्ष३ = ०; २क्ष३ = ४. पहिल्या तिघांतून ३, −१, २ ही पदे मिळतात आणि चौथे आपोआप जुळते. क्रमिका म्हणजे बहुपदीचे सहगुणक रूप असे मानले, तर हा शाळेत केलेला बहुपदींचा भागाकारच आहे. चौथे समीकरण जुळणे म्हणजे बाकी शून्य येणे. ते जुळले नाही, तर दिलेल्या माहितीतच गफलत आहे, म्हणून ही तपासणी प्रोग्रॅममधून वगळू नये.

चुकीच्या उत्तराचे कारण बहुधा मॅट्रिक्स (समीकरणांतील सहगुणकांचा तक्ता) भरण्याच्या पद्धतीत आहे. ओळीच्या क्रमांकातून स्तंभाचा क्रमांक वजा करून आपण दिलेल्या क्रमिकेतील पद उचलतो. पण पहिल्या ओळीत, दुसऱ्या स्तंभात ही वजाबाकी −१ येते आणि पायथन तक्रार न करता यादीतील शेवटचे पद देतो, त्यामुळे जिथे शून्य हवे तिथे २ बसतो. वजाबाकी ऋण असल्यास, किंवा क्रमिकेच्या लांबीइतकी वा तिच्याहून मोठी असल्यास, शून्य लिहावे. दिलेल्या क्रमिकेच्या आरंभी शून्ये असतील, तर ती आणि निकालातील तेवढीच शून्ये आधी काढून टाकावीत.

प्रश्न (हिंजवडीहून एक अभियंता): पूर्णांकांच्या लहान उदाहरणांत माझा प्रोग्रॅम अचूक चालतो, पण सेन्सरच्या नोंदी दिल्या की उत्तरात हजारोंच्या संख्या येतात. कोडमध्ये चूक सापडत नाही.

उत्तर: कोड बरोबर असावा, चूक पद्धतीच्या निवडीत आहे. वरचीच (१, २) ही क्रमिका घ्या, अज्ञात पदे वीस माना आणि निकालाच्या पहिल्याच पदात ०.०१ इतकी चूक आहे असे समजा. पुढचे प्रत्येक पद काढताना आधीच्या पदाची दुप्पट वजा होते, त्यामुळे चूकही दर पायरीला दुप्पट होते आणि चिन्ह बदलते. विसाव्या पदापर्यंत ती ५२४२.८८ झालेली असते. तीच समीकरणे शेवटाकडून सोडवली, तर प्रत्येक पायरीला २ ने भागावे लागते आणि चूक निम्मी होत जाते. मात्र ही युक्ती सगळीकडे लागू पडत नाही: (१, २.५, १) ही क्रमिका दोन्ही बाजूंनी सारखीच असल्याने, कुठूनही सुरुवात केली तरी चूक फुगतेच.

अशा वेळी एकही समीकरण न टाकता सगळी एकत्र लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे समीकरणांतील फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल अशी, सोडवावीत. मग (१, २) साठी मॅट्रिक्सचा कंडिशन नंबर (माहितीतील चूक उत्तरात जास्तीत जास्त किती पट फुगू शकते याचे माप) कितीही पदे घेतली तरी ३ च्या खाली राहतो आणि (१, २.५, १) साठी ९ च्या खाली. आधी ०.०१ ची चूक पाच लाखांहून जास्त पट झाली होती; पाच लाख कुठे आणि तीन कुठे! प्रश्न तोच आहे. आपण फक्त आधी फेकून दिलेले समीकरण परत घेतले. पायथनच्या नमपाय या गणिती लायब्ररीत यासाठी तयार फंक्शन आहे. मॅट्रिक्सला तिच्याच ट्रान्सपोजने (ओळी आणि स्तंभ यांची अदलाबदल केलेल्या रूपाने) गुणून चौरस करण्याचा मोह टाळावा, कारण त्याने कंडिशन नंबरचा वर्ग होतो.

प्रश्न (हडपसरहून एक वाचक): हे सगळे एफएफटीने (क्रमिकेचे वारंवारतांमध्ये जलद रूपांतर करणाऱ्या पद्धतीने), फक्त भागाकार करून, का होऊ नये?

उत्तर: होते, पण दोन्ही क्रमिका शून्ये जोडून किमान निकालाच्या लांबीइतक्या कराव्या लागतात आणि छेद कुठेही शून्य असून चालत नाही. (१, १) ही क्रमिका चार पदांवर नेली, तर एका वारंवारतेला तिचे रूपांतर नेमके शून्य होते आणि तिथे शून्य भागिले शून्य उरते. पाच पदांवर नेली, तर ही अडचण येत नाही.

प्रश्न (नारायणगावहून एक शिक्षक): खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीतील प्रतिमा स्वच्छ करतात, तेही हेच गणित का?

उत्तर: नाते जवळचे आहे, पण तिथे ते द्विमितीय आहे आणि माहिती अपुरी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या ४३५ जोड्या होतात. तरीही आकाशाच्या प्रतिमेतील काही अवकाशीय वारंवारता (म्हणजे काही आकारांचे तपशील) कुठल्याच जोडीच्या वाट्याला येत नाहीत. तिथे वरच्या (१, १) सारखाच छेद शून्य होतो आणि समीकरणांना एकमेव उत्तर राहत नाही. म्हणून १९७४ मध्ये यान हॉगबोम यांनी मांडलेल्या ‘क्लीन’ पद्धतीत भागाकार करतच नाहीत. सर्वांत तेजस्वी बिंदू शोधून त्याच्या जागी दुर्बिणीच्या बीमचा (एकाच बिंदूची दुर्बिणीत उमटणारी पसरट आकृती) लहानसा अंश वजा करतात, आणि शिल्लक प्रतिमा गोंगाटाच्या पातळीला येईपर्यंत हेच पुन्हा पुन्हा करतात.