वार्धक्याची तुलना करताना : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मी पीएच.डी.साठी भारत आणि इंग्लंडमधील ज्येष्ठांच्या आरोग्याची तुलना करते आहे. ‘तुमची तब्येत कशी आहे?’ या प्रश्नाच्या उत्तरांवर विसंबता येईल का? (संशोधक विद्यार्थिनी, कोथरूड)

केवळ त्यांवर विसंबू नये. केरळात आयुर्मान देशात सर्वाधिक असताना आजारपण सांगणाऱ्यांचे प्रमाणही तेथेच सर्वाधिक होते, तर अल्पायुषी बिहारमध्ये तक्रारीही फार थोड्या होत्या, याकडे अमर्त्य सेन यांनी २००२ मध्ये लक्ष वेधले होते. शिक्षण आणि दवाखाना हाताशी असला की माणूस आजार ओळखतो आणि बोलून दाखवतो. नसला की गुडघ्याचे दुखणे ‘आता वय झाले’ म्हणत अंगावर काढतो. एकाच देशातील दोन राज्यांत ही स्थिती असेल, तर पुणे जिल्ह्यातील आजी आणि लंडनच्या आजी यांचे ‘बरी आहे’ हे उत्तर समान अर्थाचे कसे मानावे? एका काल्पनिक व्यक्तीच्या त्रासाचे तेच वर्णन दोघींना ऐकवून तो त्रास त्यांना किती वाटतो हे विचारले, तर प्रत्येकीचे माप कळते आणि उत्तरांची सांगड घालता येते. तरीही माझा कल हाताच्या पकडीची ताकद, चालण्याचा वेग, रक्तदाब अशा प्रत्यक्ष मोजमापांकडेच राहील.

प्रश्न : अशी मोजमापे भारतात उपलब्ध आहेत का? (प्राध्यापक, शिवाजीनगर)

आहेत. ‘लासी’ (लाँजिट्युडिनल एजिंग स्टडी इन इंडिया) या भारतातील वार्धक्यविषयक सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या पहिल्या फेरीत ४५ वर्षांवरील व्यक्ती आणि कोणत्याही वयाचे त्यांचे जोडीदार मिळून ७२ हजारांहून अधिक जण होते. त्याची रचना अमेरिकेतील १९९२ पासूनच्या आणि इंग्लंडमधील २००२ पासूनच्या पाहण्यांशी जुळती आहे. मात्र इंग्लंडची पाहणी पन्नाशीपासून सुरू होते, म्हणून तुलनेत दोन्हीकडे पन्नाशीपुढचेच लोक घ्यावेत.

प्रश्न : बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) तरी सगळीकडे सारखाच ना? (वाचक, हडपसर)

आकडा सारखा, शरीर नव्हे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के निघाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये दोघांचे छायाचित्र शेजारी-शेजारी छापले होते. मधुमेहाचा धोका तोलताना हे उदाहरण मी प्रत्येक विद्यार्थ्यापुढे ठेवतो.

प्रश्न : आमच्या पाहणीत अनेक आजोबा वय ‘साठ’ किंवा ‘सत्तर’ असेच सांगतात. काय करावे? (क्षेत्रसर्वेक्षक, मुळशी)

शून्य आणि पाचवर वयांची अशी गर्दी होणे आपल्या जनगणनेतही जुनेच आहे. जन्मदाखला नसेल तर प्रसंगांवरून वय काढावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले, तेव्हा आपण शाळेत जात होतात का, लग्न झाले होते का, कडेवर मूल होते का, असे शांतपणे विचारावे. मग १९७२चा दुष्काळ विचारावा. दोन्ही उत्तरे जुळली नाहीत, तर घाईने आकडा न लिहिता घरातील थोरल्या बहिणीला किंवा वहिनींना बोलवावे. कोण कोणाहून किती मोठे, हे त्यांना नेमके ठाऊक असते.