'दा विंची कोड'मधली गुप्त संघटना खरी होती का? आणि पुण्यात असं कथानक घडू शकतं का?

संघटना होती, पण कादंबरी म्हणते तशी १०९९ सालची नाही. तुम्ही म्हणताय की कादंबरीच्या सुरुवातीलाच प्रायरी ऑफ सायन ही वस्तुस्थिती आहे असं छापलंय, मग खोटं कसं असेल? त्या पानाने मलाही गंडवलं होतं.

पिएर प्लांतार नावाच्या फ्रेंच माणसाने ती १९५६ साली रीतसर नोंदवली. आपल्याकडे गल्लीतलं मित्रमंडळ रजिस्टर करतात ना, तशीच. 'सायन'सुद्धा जेरुसलेमचं नव्हे, फ्रान्समधल्या त्याच्या गावाजवळच्या एका टेकडीचं नाव. खरी करामत पुढची. साठच्या दशकात त्याने आणि त्याच्या साथीदारांनी बनावट कागद तयार करून पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जमा केले. त्यात संघटनेच्या प्रमुखांची यादी, आणि यादीत लिओनार्दो, न्यूटन! मला हे कादंबरीपेक्षा भारी वाटतं. कागद पळवायचा नाही, उलट नेऊन ठेवायचा. मग कुणीतरी अभ्यासक येतो आणि तो 'सापडतो'. १९९३ मध्ये प्लांतारने न्यायाधीशासमोर शपथेवर सगळं रचलेलं असल्याचं कबूल केलं. कादंबरी आली २००३ मध्ये.

माझी प्रत अप्पा बळवंत चौकातली, सेकंडहँड. पहिल्याच प्रकरणांत लूव्रचा गोळी लागलेला क्युरेटर मरता मरता फरशीवर आकडे लिहितो. आधीच्या मालकाने ते समासात शिसपेन्सिलीने चढत्या क्रमाने लावलेत: १, १, २, ३, ५, ८, १३, २१. खाली एकच शब्द, 'उगाच'. (ही फिबोनाची मालिका, प्रत्येक आकडा म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज. आपल्याकडे हेमचंद्र या जैन पंडिताने बाराव्या शतकात ती छंदातल्या मात्रा मोजताना मांडली होती. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, तर चार मात्रांची रचना पाच प्रकारे होते. करून बघा.)

तो 'उगाच' मला पटतो. पोटात गोळी लागलेला सदाशिव पेठेतला म्हातारा असता तर मारेकऱ्याचं नाव आणि वर एक टोमणा लिहून मोकळा झाला असता. अशा कादंबरीतलं कोडं कटवाल्यांच्या कामाचं नसतंच. ते तुमच्या-माझ्यासाठी असतं, रात्री दोनपर्यंत जागं ठेवायला. त्यात ही कादंबरी वस्ताद आहे, मी दोनदा वाचली.

खरे कटवाले काय करतात ते पुण्यातच घडून गेलंय. २२ जून १८९७. गणेशखिंडीच्या गव्हर्नर बंगल्यात, म्हणजे आजच्या विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत, व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांचा समारंभ. प्लेगच्या झडत्यांमुळे शहर रँड या इंग्रज प्लेग अधिकाऱ्यावर खवळलेलं. रात्री बग्ग्या परतू लागल्या तसा दामोदर चापेकर रँडच्या बग्गीमागे धावला आणि भावाला, बाळकृष्णाला, इशारा म्हणून ओरडला, "गोंद्या आला रे!" संपला कोड. पाठ करायला सोपा, अंधारात ऐकू जाणारा, आणि तिसऱ्या माणसाला वाटावं की कुणी पोरगं दोस्ताला हाक मारतंय. मागच्या बग्गीतला लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्णाच्या गोळीने जागीच गेला, दामोदरने गोळी घातलेला रँड ३ जुलैला.

आणि कट फुटला तो काही कुणी सांकेतिक लिपी उलगडली म्हणून नाही. ओळखीच्याच द्रविड बंधूंनी पोलिसांना खबर दिली. फेब्रुवारी १८९९ मध्ये चापेकरांचा धाकटा भाऊ वासुदेव आणि त्याचा साथीदार महादेव रानडे द्रविडांच्या दारात गेले, पोलीस साहेबांनी बोलावलंय असं सांगून त्यांना बाहेर काढलं आणि गोळ्या घातल्या.

तेव्हा कथानक हवंय म्हणाल तर ते इथे तयार आहे, फक्त तळघर आणि किल्ल्या नाहीत. दामोदरने तुरुंगात लिहिलेलं आत्मवृत्त छापलेलं आहे, ते आधी मिळवा. कोणी कोणाला मारलं हे तुम्हाला आधीच माहीत असतं, तरी 'गोंद्या'च्या जागी आलात की पान उलटायला हात कचरतो.