मावशीचा रिपोर्ट आणि मुलीचा हट्ट

ताई, नमस्कार. कागलहून आलेलं तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, दहा दिवसांनी रिपोर्ट आला, काखेतल्या गाठीत (लिम्फ नोडमध्ये) कॅन्सर निघाला आणि पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. तेव्हापासून ती म्हणते, ‘हे त्याच दिवशी कळायला हवं, मला तेच शिकायचंय.’ तुम्हाला मात्र बी.एड. बरं वाटतं.

ताई, पोरीनं धरलेला प्रश्न खरा आहे. स्तनातला कॅन्सर पसरू लागला की बहुधा आधी काखेतल्या एक-दोन गाठींत पोचतो. त्यांना सेंटिनल नोड म्हणतात. मायक्रोस्कोपखाली गाठीचे मोजकेच काप बघता येतात, दोन कापांमधला बारीक पुंजका निसटू शकतो. ‘ओस्ना’ तपासणीत गाठ वाटून त्या द्रवात सीके-१९ या प्रथिनाचा एमआरएनए, म्हणजे ते प्रथिन बनवायचा पेशीतला निरोप, शोधतात. स्तनाच्या कॅन्सरच्या बहुतेक पेशींत तो असतो, निरोगी गाठीत जवळपास नसतोच. ६५ अंशांवर त्याच्या प्रती वाढतात आणि नळीतला द्रव गढूळ होतो. जितका लवकर गढूळ, तितका कॅन्सर जास्त. पेशंट टेबलावर असतानाच उत्तर मिळू शकतं. पण वाटलेला भाग परत काचेवर घेता येत नाही आणि काही कॅन्सरमध्ये सीके-१९ नसतंच. तिच्यासारख्यांना काम इथंच आहे.

एक गोष्ट तिला आत्ताच सांगा: निदानाच्या रिपोर्टावर सही एम.डी. पॅथॉलॉजिस्टची असते. तिची वाट संशोधनाची. शिवाजी विद्यापीठातून मायक्रोबायॉलॉजी किंवा बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी., मग नेट-जेआरएफ ही फेलोशिपची परीक्षा, पीएच.डी. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये कॅन्सरवरच संशोधन चालतं. वर्षं लागतील, सुरुवातीला पैसाही बेताचाच. बी.एड. नंतरही करता येईल.

माझी खरी काळजी तिच्या हाताची आहे. एमआरएनए फार नाजूक, उघड्या बोटांवरच्या एन्झाइमनंही तुटतो. निष्काळजीपणानं कॅन्सर असून ‘नाही’ असं उत्तर येऊ शकतं. म्हणून तिला कॉलेजच्या लॅबमध्ये सरांना विचारून एवढं करू दे: पिपेटनं १० मायक्रोलिटर पाणी दहा वेळा काट्यावर सोडायचं. प्रत्येक थेंब १० मिलिग्रॅमच्या आसपास भरायला हवा. दहाही आकडे, चुकलेले न खोडता, मला पाठवू दे.

आणि मावशींची तब्येत आता कशी आहे, तेही कळवा.