प्रशिक्षण नको, पहिली बढती बघ

प्रश्न : मी नाशिकची, बीकॉम झाले. एचआरच्या मास्टर्ससाठी अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांकडून होकार आलाय. तिथल्या कृष्णवर्णीय स्त्रिया कंपन्यांत वरच्या पदांवर पोहोचाव्यात, यासाठी काम करायचंय. त्यांना नेतृत्वाचं प्रशिक्षण द्यावं, असं डोक्यात आहे. बाबा म्हणतात, यात नोकरी मिळणार नाही.

उत्तर : विषय सोडू नकोस, प्रशिक्षणाची कल्पना मात्र सोड. कर्तृत्वात या स्त्रिया कुठेच कमी नाहीत. अडतं ते निवड करणाऱ्यांपाशी, आणि फार लवकर. लीन इन ही स्त्रियांसाठी काम करणारी संस्था आणि मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी यांच्या 2023 च्या अहवालात पहिल्यांदा मॅनेजर होणाऱ्या पुरुषांचं प्रमाण 100 धरलं, तर स्त्रियांचं 87 आणि कृष्णवर्णीय स्त्रियांचं फक्त 54 आहे. तिथेच गळती झाल्यावर सीईओच्या खुर्चीपर्यंत पोहोचणार कोण?

उर्सुला बर्न्स 1980 मध्ये झेरॉक्स कंपनीत इंटर्न होत्या, शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर. पुढे वरिष्ठांनी त्यांना आपल्या सहायक म्हणून नेमलं आणि मोठे निर्णय कसे होतात, ते त्यांना आतून बघायला मिळालं. 2009 मध्ये त्या सीईओ झाल्या. फॉर्च्युन 500 म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या 500 कंपन्यांच्या यादीतल्या कंपनीची धुरा सांभाळणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. हुशारी त्यांचीच, पण ती हेरून संधी देणारं कुणी तरी होतं. अशी संधी कुणाला मिळते, याची नोंद ठेवणं हे तुझं काम.

आणि एक खटला मुळातून वाच. पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी जनरल मोटर्सवर दावा केला होता. नोकरकपात ज्येष्ठतेनुसार झाली. त्यांना मुळात उशिरा घेतलेलं, म्हणून त्याच आधी गेल्या. 1976 मध्ये कोर्ट म्हणालं, स्त्री आणि कृष्णवर्णीय अशा दोन्ही कारणांची सांगड घालता येणार नाही. कोर्टाचं म्हणणं, कंपनीत स्त्रिया होत्या ना! पण त्या गोऱ्या. कायद्याच्या अभ्यासक किंबर्ली क्रेनशॉ यांनी 1989 मध्ये 'इंटरसेक्शनॅलिटी'ची, म्हणजे वंश आणि लिंग असे भेदभाव एकत्र येऊन वेगळाच अन्याय होतो या विचाराची, मांडणी करताना हाच खटला घेतला. दलित स्त्रियांचे अनुभव तू ऐकले असशील, तर मुद्दा लगेच कळेल. म्हणून आकडेवारी मांडताना 'स्त्रिया' आणि 'कृष्णवर्णीय' असे दोनच रकाने कधी करू नकोस.

बाबांची काळजी खरी आहे. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी डायव्हर्सिटीच्या, म्हणजे सर्व गटांना नोकरीत स्थान देण्याच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले. त्यानंतर अनेक कंपन्यांनी ही कामं आटोपती घेतली. त्या नावाच्या पदामागे लागू नकोस. पगार आणि बढतीच्या आकडेवारीचं विश्लेषण शीक, जोडीला कामगार कायदा. ही कामं कंपन्यांना लागतातच. कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मोडतो का, हेही विद्यापीठांना विचार. मोडत असेल तर 12 महिन्यांच्या ओपीटीला, म्हणजे शिक्षणानंतर तिथे काम करण्याच्या परवानगीला, आणखी 24 महिने जोडून मिळू शकतात.

दोन्ही कोर्सच्या विषयांची यादी पाठव. बघून सांगते.